ललिता पवार : एका विशेषनामाचे सामान्यनाम

विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही मराठीतील जुनी व परिचित प्रक्रिया होय. कळ लावणारा तो नारद, झोपाळू तो कुंभकर्ण, कान फुंकणारी ती मंथरा. अशा शब्दांचे मूळ बहुधा पुराणांत किंवा इतिहासात सापडते. विसाव्या शतकात मात्र या मालिकेत एका नटीच्या नावाची, आणि तीही तिच्या हयातीतच, भर पडली. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, एखाद्या सासूला ‘ललिता पवार’ म्हटले की अधिक विवरणाची गरज उरत नाही. शब्द म्हणून हे नाव रूढ झाले. परंतु तो अर्थ रूढ होताना, ज्या स्त्रीचे हे नाव तिच्या कार्याचा केवढा भाग गळून पडला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

ललिताबाईंचे मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1916 रोजी येवले येथे झाला. संभाजीनगरहून वैजापूरमार्गे नाशिककडे जाताना लागणारे हे गाव पैठणीसाठी प्रसिद्ध असून वडिलांचा व्यवसायही रेशमी व सुती कापडाचाच होता. बोलपटाचा उदय होण्यापूर्वीच, अगदी बालवयात, त्या चित्रपटसृष्टीत आल्या. पुढे मूकपटांच्या नायिका म्हणून त्यांनी नाव मिळवले. 1932 च्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा सहभाग होता. 1938 चा ‘दुनिया क्या है’ हा टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवर आधारलेला बोलपटही त्यांच्याच निर्मितीचा. तत्पूर्वी 1935 च्या ‘हिम्मत-ए-मर्दा’मध्ये त्या नायिका होत्या. म्हणजे वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच नायिका आणि निर्माती अशा दोन्ही नात्यांनी त्यांनी काम केले होते. रूढ झालेल्या शब्दात या कालखंडाची खूणही उरलेली नाही.

1942 मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांनी प्रसंगानुसार मारलेली थप्पड अनवधानाने फार जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला आणि दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकेच्या भूमिकांचा मार्ग त्यामुळे बंद झाला. ललिताबाईंच्या चरित्रातील ही सर्वांत प्रसिद्ध घटना असून, तिच्यामुळेच त्या खलनायिका झाल्या असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. अपघाताने एक मार्ग बंद केला, हे निर्विवाद. पुढील मार्गावर त्यांनी जे घडवले, त्याचे कारण मात्र डोळ्यात शोधून चालणार नाही.

प्रभातच्या ‘रामशास्त्री’ (1944) या चित्रपटात त्यांनी आनंदीबाईंची भूमिका केली. हा योग लक्षणीय आहे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हा ‘धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर बदलून आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तिनेच मराठीस दिला. जिच्याविषयीचा लोकमताचा निवाडा भाषेनेच गोठवून ठेवला आहे, अशा स्त्रीला पडद्यावर उभे करण्याचे काम ललिताबाईंच्या वाट्यास आले. पुढे बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘संपूर्ण रामायण’मध्ये (1961) आणि 1987 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत त्या मंथरा झाल्या. जी पात्रे आधीच शब्द बनली होती, ती साकारता साकारता त्यांचे स्वतःचे नावही शब्द बनले.

या शब्दाला मुख्य आशय पुरवला तो सासूच्या भूमिकांनी. खाष्ट सासू ही काही चित्रपटाची निर्मिती नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत आणि हादग्याच्या गाण्यांत ती पूर्वीपासूनच आहे. परंतु ती तेथे नाव नसलेली, चेहरा नसलेली, जिच्या तिच्या घरची सासू आहे. स्वातंत्र्योत्तर काळात कौटुंबिक चित्रपटांना बहर आला, तेव्हा हुंडा, विवाह आणि एकत्र कुटुंब हे सार्वजनिक वादाचे विषय झाले होते. शांताराम यांचा ‘दहेज’ 1950 चा, हिंदू विवाह कायदा 1955 चा आणि हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा. ‘दहेज’मध्ये ललिताबाई सासू होत्या, तर बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्ये (1959) जातिभेद कसोशीने पाळणारी आत्या. समाजव्यवस्थेचा दोष पडद्यावर एका वृद्धेच्या स्वभावात सामावून दाखवणे सोयीचे होते. तो दोष वाहणारा चेहरा ललिताबाईंचा होता. हुंड्याची रक्कम ठरवणारे पुरुष बहुधा या रोषातून सुटले. सासूला नाव मिळाले, सासऱ्याला मिळाले नाही.

आता डोळ्याकडे पुन्हा वळता येईल. राज कपूर यांच्या ‘श्री 420’मधील (1955) केळी विकणारी गंगामाई आणि हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’मधील (1959) मिसेस डिसा या भूमिकांतही डोळा तोच आहे. मिसेस डिसा भाडेकरू तरुणावर तोंडाने सतत खेकसते, आणि त्या खेकसण्यातूनच तिची माया प्रकट होते. ‘दहेज’मध्ये जो डोळा क्रूर वाटतो, तोच येथे ओलावलेला दिसतो. खुणेला स्वतःचा अर्थ नसतो, तो संदर्भाने येतो, हे भाषेविषयीचे तत्त्व अभिनयासही लागू पडते. संदर्भ निर्माण करणारी शक्ती आवाजाच्या चढउतारात, शब्दांमधील विरामांत आणि शरीराच्या ठेवणीत होती. ‘अनाडी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. ‘प्रोफेसर’मध्ये (1962) तर करड्या शिस्तीची पालनकर्ती उतारवयात प्रेमात पडते. ‘ललिता पवार’ या रूढ प्रतिमेलाच तेथे त्यांनी हसत हसत छेद दिला.

अशा भूमिका करणाऱ्या नटीस ‘चरित्र अभिनेत्री’ म्हणतात. हिंदीच्या वाटेने आलेली ही संज्ञा मराठीत थोडी अवघडलेलीच वाटते, कारण मराठीत ‘चरित्र’ म्हणजे जीवनवृत्तान्त. ललिताबाईंच्या बाबतीत मात्र हा मराठी अर्थ विचारात घेण्याजोगा आहे. नायिकेला पडद्यावर तारुण्यातील एक कालखंड मिळतो. या नटीने पात्राच्या मागे गेलेले संपूर्ण आयुष्य सुचवले. मिसेस डिसाचा एकाकीपणा आणि सासूची सत्ताकांक्षा, दोन्हींमागे एकेक न सांगितलेले चरित्र आहे.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कारकीर्द सुमारे सत्तर वर्षांची होती आणि मूकपटापासून दूरदर्शनपर्यंतची माध्यमांतरे तिने पाहिली. सामान्यनाम होणे हा नटाच्या प्रभावाचा मोठाच पुरावा आहे. परंतु सामान्यनाम जे सर्वांत ठळक तेवढेच जपते. घरोघरी उच्चारल्या जाणाऱ्या या शब्दात आनंदीबाई आहे, मंथरा आहे, ‘दहेज’मधील सासू आहे. मिसेस डिसा नाही, गंगामाई नाही, आणि सोळाव्या वर्षी चित्रनिर्मितीत पाऊल टाकणारी येवल्याची मुलगीही नाही. या तिघींना त्या नावात पुन्हा जागा मिळवून देणे हे चित्रपटाच्या इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.