साडेसत्तावीस डॉलरची ‘नक्कल’

या मालेत आपण बहुतेक वेळा निकालांबद्दल, कायद्यांबद्दल बोलतो. आज एका ग्रंथालयातल्या नोंदीबद्दल बोलू या.

१९४६ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड लॉ स्कूलच्या ग्रंथालयाने लंडनच्या ‘स्वीट अँड मॅक्सवेल’ या कायद्याच्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांकडून एक जुनं चर्मपत्र विकत घेतलं. किंमत साडेसत्तावीस डॉलर. वर्णन असं, की ही मॅग्ना कार्टाची १३२७ सालची नक्कल आहे. थोडी घासलेली, ओलीचे डाग पडलेली. त्यावर एचएलएस एमएस १७२ असा क्रमांक पडला आणि पाऊणशेहून अधिक वर्षं ती नक्कलच राहिली.

आपल्याकडे मोडी कागद वाचणाऱ्यांना ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ यांतला फरक सांगावा लागत नाही. कागद नक्कल आहे असं यादीत लिहिलेलं असलं, की तो रुमालातून सोडवायचा उत्साहच जातो. हार्वर्डला काही वेगळं घडलं नाही.

मॅग्ना कार्टा म्हटलं की आपल्याला १२१५ आठवतं: राजा जॉन, बंडखोर सरदार, थेम्सकाठचं कुरण. पण ती सनद अडीच महिन्यांतच पोपने रद्द ठरवली, हे पाठ्यपुस्तकं घाईत सांगून जातात. खरं तर टिकली ती पुन्हा पुन्हा काढलेली सनद: १२१६, १२१७, १२२५, १२९७ आणि १३००. स्वतंत्र माणसाला कायद्याशिवाय पकडता येणार नाही, हे कलम या पुनरावृत्त्यांतूनच पुढे आलं. १३०० साली पहिल्या एडवर्डने काढलेली सनद ही संपूर्ण मजकूर राजमुद्रेनिशी निघण्याची शेवटची वेळ. तिच्या अस्सल प्रती परगण्यांना आणि काही नगरांना धाडल्या गेल्या. त्यांतल्या सहाच उरल्यात, असं आत्तापर्यंत मानलं जात होतं.

डिसेंबर २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक डेव्हिड कारपेंटर घरी बसून हार्वर्डने संकेतस्थळावर टाकलेली जुन्या कायद्यांच्या हस्तलिखितांची छायाचित्रं बघत होते. १७२ क्रमांकाशी ते थांबले. निकोलस व्हिन्सेंट या दुसऱ्या अभ्यासकांना त्यांनी सोबत घेतलं. मग जे झालं ते आपल्या दप्तरखान्यात चालतं तसंच काम. आकार मोजला: ४८९ बाय ४७३ मिलिमीटर, उरलेल्या सहा प्रतींशी जुळणारा. अक्षर तपासलं: ‘एडवर्डस’ मधला सुरुवातीचा मोठा ई आणि पहिल्या ओळीतली लांबवलेली अक्षरं. पुसट झालेला भाग वाचायला ग्रंथालयाने अतिनील प्रकाशात छायाचित्रं काढून दिली, आणि मजकूर शब्दाशब्दाने ताडून पाहिला. १३०० च्या सनदेत शब्दरचना आधीपेक्षा बदललेली होती, म्हणून ही कसोटी आमच्या मते सगळ्यांत कडक. ती पार पडली आणि मे २०२५ मध्ये जाहीर झालं, की ही नक्कल नव्हे, सातवी अस्सल प्रत आहे.

यात चमत्कार काही नाही. चर्मपत्र कधी हरवलंच नव्हतं, फक्त त्यावरची चिठ्ठी चुकीची होती. बोस्टनजवळच्या त्या वाचनालयात जाऊन नक्कल मागून बघायची तसदी कोण घेणार? छायाचित्र उघड्यावर आलं, तेव्हा योग्य डोळे त्यावर पडले. आपल्या पुराभिलेखागारांत मोडी वाचणारे आधीच कमी, तिथे तर यादीत लिहिलेला शब्दच अनेकदा शेवटचा ठरतो.

आता हे चर्मपत्र हार्वर्डपर्यंत आलं कसं? १९४५ साली ते विकायला काढलं होतं फॉर्स्टर मेनार्ड या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने. १९४० मध्ये माल्टाच्या हवाई संरक्षणाचं नेतृत्व करणारा हाच. त्याला ते वारशाने मिळालं होतं थॉमस आणि जॉन क्लार्कसन या भावांच्या कागदपत्रांतून. हे दोघे ब्रिटनच्या गुलाम-व्यापाराविरुद्ध लढणारे. त्यांच्याआधी ते उत्तर इंग्लंडमधल्या ॲपलबी या नगराला धाडलेलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

सनदेतल्या त्या कलमाचं संरक्षण ‘स्वतंत्र माणसा’लाच होतं. जॉन क्लार्कसनने १७९२ साली नोव्हा स्कोशियाहून सुमारे बाराशे कृष्णवर्णीय माणसांना जहाजांतून सिएरा लिओनला नेलं. त्यांतले कितीतरी अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटून आलेले होते.