नृत्यगतीचे छायाचित्रण
नर्तकाची हालचाल अत्यल्प काळ टिकणाऱ्या प्रखर प्रकाशात स्थिर छायाचित्रावर नोंदविण्याचे तंत्र. अवयव रेखीव यावेत म्हणून गती थांबवावी लागते. पण गती थांबली की चित्रातून नृत्यच निघून जाते. या तंत्राचा बहुतेक इतिहास ही अडचण सोडविण्याच्या प्रयत्नांचा आहे.

विद्युत् ठिणगीच्या उजेडात वेगवान वस्तूचे स्पष्ट चित्र घेता येते, हे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फिरत्या चक्रावरील छापील कागदाचे चित्र घेऊन दाखविले. मानवी हालचालींचा पद्धतशीर अभ्यास मात्र फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे (१८३०–१९०४) यांनी १८८२ पासून केला. काळ्या पार्श्वभूमीपुढून जाणाऱ्या पांढऱ्या वेशातील माणसाच्या क्रमवार अवस्था त्यांनी एकाच काचेवर घेतल्या. प्रतिमा एकमेकींत मिसळू लागल्या, तेव्हा त्यांनी माणसाला काळा पोशाख देऊन हातापायांवर केवळ पांढऱ्या रेषा ठेवल्या. शरीर लोपले, गती तेवढी उरली. शतकाच्या अखेरीस धुराच्या समांतर धारा सोडून त्यांनी हवेचे प्रवाहही चित्रित केले. कणांच्या साहाय्याने अदृश्य गती दृश्य करण्याची ही रीत पुढील भुकटीच्या छायाचित्रांशी जवळचे नाते सांगते.

१८८७ मध्ये जर्मनीत पुढे आलेल्या मॅग्नेशियमयुक्त प्रकाशभुकटीने अंधाऱ्या जागी चित्रे घेणे सोपे झाले. परंतु तिचे ज्वलन नर्तकाच्या उडीच्या मानाने फार सावकाश होई. खरा पालट घडविला तो अमेरिकन विद्युत् अभियंता हॅरल्ड एजर्टन (१९०३–९०) यांनी. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विद्युत् चलित्रांचा अभ्यास करीत असता १९३१ च्या सुमारास त्यांनी स्ट्रोब दीप विकसित केला. धारित्रात साठविलेली विद्युत् वायूने भरलेल्या नळीतून एकदम सोडली की क्षणमात्र तीव्र प्रकाश पडतो. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवली, तरी चित्र या प्रकाशापुरतेच उमटते. सेकंदाला ५ मी. वेगाने फिरणारा हात १/१,००० सेकंदात ५ मिमी. सरकतो, म्हणजे त्याची कडा पुसट होते. १/१०,००० सेकंदात तो अर्धा मिमी.च सरकतो.

एजर्टन यांचा दीप नृत्यापर्यंत नेला ग्यॉन मिली (१९०४–८४) यांनी. अल्बेनियात जन्मलेले मिली याच संस्थेतून अभियंता झाले होते. लाइफ या अमेरिकन साप्ताहिकासाठी त्यांनी १९४३ मध्ये लिंडी हॉप नर्तकांच्या हवेतील उड्या टिपल्या. बॅले नर्तकी नोरा के हिच्या १९४७ मधील चित्रात मात्र एकामागून एक झोत पाडून पावलांची सारी मालिका एकाच फिल्मवर आणली आहे. मारे यांच्या आलेखाला येथे प्रथमच लय लाभली, असे म्हणण्यास हरकत नाही. बार्बरा मॉर्गन (१९००–९२) यांची वाट वेगळी होती. मार्था ग्रॅहम हिच्या नृत्यांतील सर्वांत अर्थपूर्ण हावभाव कोणता, हे आधी ठरवून त्या तोच टिपीत.

पीठ, राख वा रंगीत भुकटी उडविण्याची पद्धत एकविसाव्या शतकात विशेष रूढ झाली. फ्रेंच छायाचित्रकार ऑलिव्हिए व्हालसेकी यांची राखेतील मानवाकृतींची चित्रे या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरची आहेत. तिची युक्ती साधी आहे. केसांवर वा हातावर ठेवलेली भुकटी झटक्यासरशी सुटते. शरीर पुढे जाते, कण मात्र त्याने नुकत्याच आक्रमिलेल्या वाटेवर मागे रेंगाळतात. त्यामुळे एकाच झोतात वर्तमान क्षण आणि त्याआधीची हालचाल दोन्ही येतात. सूक्ष्म कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून दीप नर्तकाच्या मागे वा बाजूस ठेवून पार्श्वभूमी काळी ठेवतात. समोरून उजेड टाकल्यास तोच ढग फिकट व सपाट दिसतो. यात नर्तकाची कामगिरी नेहमी समजली जाते त्याहून मोठी असते. झटका केव्हा द्यावयाचा हे त्याच्या शरीरालाच ठाऊक असते आणि पिठाने निसरड्या झालेल्या जमिनीवर उतरावयाचेही त्यालाच असते.

धोका यापुरताच नाही. पीठ व स्टार्च हे ज्वलनशील पदार्थ असून हवेत दाट पसरलेली त्यांची धूळ ठिणगीने किंवा तापलेल्या दिव्याने भडकू शकते. २७ जून २०१५ रोजी तैवानमधील एका जलउद्यानातील कार्यक्रमात उधळलेली रंगीत स्टार्च-भुकटी पेटून १५ जण मृत्युमुखी पडले व सु. ५०० जखमी झाले. तो छायाचित्रणाचा प्रसंग नव्हता. पण बंदिस्त चित्रणगृहातील ढगालाही हेच लागू पडते. तेथे हवा खेळती ठेवणे, तापणारे दिवे दूर ठेवणे आणि नर्तकाच्या श्वासमार्गात धूळ जाणार नाही याची काळजी घेणे आवश्यक असते.