आई-बाबांना लंडन दाखवा – स्टॅनमोरहून, बेताच्या खर्चात!



मे-जून आला की आपल्या स्टॅनमोरच्या ब्रॉडवेवर साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा आया, आणि माकडटोपी खिशात ठेवून फिरणारे बाबा दिसू लागतात. मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं शाळेत. मग वीकएन्डला लंडन बघायचा बेत ठरतो आणि तिकिटाच्या खिडकीशी येऊन अडतो. बाबा तिथला आकडा मनातल्या मनात शंभर-सव्वाशेने गुणतात आणि म्हणतात, "तुम्ही बघून या रे, आम्ही बसतो इथे बाकावर." कितीही समजावलं तरी उपयोग होत नाही. पुढच्या वीकएन्डला तर "घरीच बरं आहे" सुरू होतं. सात समुद्र ओलांडून आलेली माणसं अशाने टीव्ही बघून परत जातात.

आम्ही दोघांनी दोन्हीकडच्या आई-बाबांना फिरवून जी माहिती गोळा केली, ती इथे देत आहोत. आमचं मत स्पष्ट आहे : लंडनमधल्या बघण्यासारख्या बहुतेक जागा फुकट आहेत. आणि मराठी माणूस जिथे खरोखर थांबून उभा राहतो, तिथे तर तिकीटच नसतं.

आधी प्रवासाचं बघू. ज्युबिली लाइन स्टॅनमोरलाच सुरू होते, त्यामुळे बसायला जागा नक्की! १९९९ मध्ये ही लाइन वाढवल्यापासून वेस्टमिन्स्टर, वॉटर्लू, लंडन ब्रिज सगळं एकाच गाडीत येतं. गुडघे दुखत असतील तर उतरायचं स्टेशन बघून निवडा. स्टॅनमोर, वेम्बली पार्क, बाँड स्ट्रीट, ग्रीन पार्क, वेस्टमिन्स्टर आणि लंडन ब्रिज इथे पायऱ्या न चढता बाहेर पडता येतं. बेकर स्ट्रीटला मात्र तशी सोय नाही.

साठीच्या पुढच्यांचा मोफत पास लंडनमध्ये राहणाऱ्यांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर शेजारच्या काकांचा पास बघून गैरसमज होतो. प्रत्येकाला वेगळं ऑयस्टर किंवा वेगळं कॉन्टॅक्टलेस कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोघांना आत नेता येत नाही. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, त्यामुळे एकदा निघालात की भरपूर फिरा. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघा आणि मध्य लंडनहून परत फिरताना दुपारी चार ते सातची वेळ टाळा, भाडं कमी पडतं. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबने फुकट जातात.

आता जागा. सुरुवात आम्ही डॉ. आंबेडकरांच्या घरापासून करायला सांगू. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना बाबासाहेब इथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ही वास्तू विकत घेतली आणि तिथे स्मारक केलं. रुपयाच्या प्रश्नावरच्या ज्या प्रबंधाने १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळवून दिली, त्या अभ्यासाचे हे दिवस. स्विस कॉटेजला उतरा (इथे लिफ्ट नाही, थोड्या पायऱ्या आहेत) आणि ३१ नंबरच्या बसने चॉक फार्मकडे या. तिथून थोडंच चालायचं आहे. निघण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या. बाहेर पडल्यावर जवळच प्रिमरोज हिल आहे. टेकडी छोटी आहे, वर बाक आहेत आणि समोर अख्खं लंडन. मोठ्या चाकात बसून पैसे मोजून जे दिसतं, त्यातलं बरंचसं इथून दिसतं. डबा इथेच उघडावा. दशम्या आणि लसणाची चटणी, दुसरं काही नको.

लोकमान्य टिळकांचं घर वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनजवळ, १०, हाउली प्लेस इथे आहे. व्हॅलेंटाइन चिरोलवर केलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी टिळक १९१८ मध्ये इथे आले. १९१९ मध्ये खटला हरले, मोठा खर्च अंगावर आला; पण मुक्कामात इथल्या राजकारण्यांना भेटून स्वराज्याची बाजू मांडायची त्यांनी सोडली नाही. घरावर १९६१ मध्ये लावलेली निळी पाटी आहे. आत लोक राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघायचं, घंटी वाजवायची नाही! जवळ कालवा आहे, काठाने फिरायला छान. हायगेटला ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांचं इंडिया हाउस. तिथे सावरकरांच्या नावाची पाटी आहे. पण रस्ता चढाचा, ज्यांना चालवेल त्यांनीच जावं.

परतीच्या वाटेवर डॉलिस हिलला आपलं १९३२ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आहेच. कार्यक्रम असेल त्या दिवशी उतरा, आई-बाबांना चार समवयस्क मराठी माणसं भेटतील. नीसडनचं १९९५ मध्ये उभं राहिलेलं स्वामिनारायण मंदिरही याच भागात. दर्शनाला पैसे नाहीत, कोरीवकाम बघण्यासारखं.

ब्रिटिश म्युझियमला जायला बाँड स्ट्रीटला उतरून एलिझाबेथ लाइनने एकच स्टेशन, टॉटनहॅम कोर्ट रोड. दोन्हीकडे लिफ्ट आहे. इथे नेहमीची प्रदर्शनं मोफत बघता येतात. अमरावतीची शिल्पं जरूर बघा. मात्र आमच्या विदर्भातल्या बाबांसारखं हरखून जाऊ नका, ती अमरावती आंध्रातली! सगळं म्युझियम एका दिवसात बघायचा हट्ट धरू नये. दोन दालनं बघा आणि पाय दुखायच्या आत बाहेर पडा. टॅव्हिस्टॉक स्क्वेअर चालण्याच्या अंतरावर आहे. तिथे १९६८ पासून गांधीजींचा पुतळा आहे आणि बसायला बाक.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम साउथ केन्सिंग्टनला आहे आणि तेही फुकट. पण फक्त वाघनखं बघायला म्हणून जाऊ नका. ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली ती वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. शिवाय हीच ती अफझलखानाच्या वेळची, असं सिद्ध करता येत नाही असं म्युझियम स्वतःच सांगतं. आई-बाबांना हे आधी सांगितलेलं बरं.

आम्हाला सगळ्यात आवडलेली फेरी वेस्टमिन्स्टरची. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये गांधीजी (पुतळा २०१५ चा) आणि चर्चिल एकाच हिरवळीवर उभे आहेत. समोरच्या पार्लमेंटमध्ये १८९२ च्या निवडणुकीत आपले दादाभाई नौरोजी निवडून गेले होते. सभागृह चालू असताना प्रेक्षक गॅलरीत बसायला पैसे पडत नाहीत, फक्त सुरक्षा तपासणीची रांग असते. तिथून व्हाइटहॉलच्या सपाट रस्त्याने ट्रॅफल्गार स्क्वेअर. सगळे नेल्सनच्या खांबाचे फोटो काढतात. तुम्ही बाजूचा हॅवलॉकचा पुतळा बघा. जुलै १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याला हरवणारा हाच. शाळेत आपण जो इतिहास शिकलो त्याची दुसरी बाजू इथे चौथऱ्यावर उभी आहे. आमच्या बाबांनी तिथे नातवाला अर्धा तास १८५७ सांगितलं. असा धडा कुठल्या तिकिटात मिळणार?

याच चौकातून १५ नंबरची बस घ्या आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडा. फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स, थेट टॉवरपर्यंत साध्या बसभाड्यात. एका तासात कितीही बस बदला, भाडं एकदाच. (गुडघ्यांना जिना जमत नसेल तर खालीही बरं दिसतं.)

आणि हो, एका जागेचं तिकीट काढाच : टॉवर ऑफ लंडन. महाग आहे, पण कोहिनूर तिथे आहे. १८४९ च्या लाहोर तहानंतर इंग्रजांकडे गेलेला हा हिरा राणीच्या आईच्या मुकुटात बसवलेला आहे. तिकीट घरूनच ऑनलाइन काढा, ज्येष्ठांची सवलत निवडायला विसरू नका, आणि किंमत आई-बाबांना सांगू नका. सकाळी उघडताक्षणी आत गेलात तर हिऱ्यापुढची रांग छोटी असते.

थंडीत पाहुणे आले असतील तर चारलाच अंधार पडतो, तेव्हा घराजवळचं बघा. हॅरोचं हेडस्टोन मॅनर मोफत आहे : १३१० च्या सुमाराचं, खंदकाने वेढलेलं घर. कॉलिंडेलचं विमानांचं आरएएफ म्युझियमही मोफत, नातवंडांना घेऊन जायला उत्तम. आपल्या स्टॅनमोरचं बेंटली प्रायरी, जिथून १९४० मध्ये लंडनच्या हवाई बचावाची सूत्रं हलली, त्याला मात्र तिकीट आहे आणि ते रोज उघडं नसतं.

जाता जाता : स्वच्छतागृहाला म्युझियममध्येच जाऊन घ्या, सोबत छत्री ठेवा, आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. बाहेरच्या एका कपाची किंमतसुद्धा गुणली जातेच!