टपाल तिकिटातील फेरफार

अस्सल टपाल तिकिटाची किंमत वाढावी म्हणून त्यात मागाहून केलेल्या बदलास फेरफार म्हणतात. कागद व मूळ छपाई खरीच असल्याने तो संपूर्ण बनावट तिकिटापेक्षा ओळखण्यास कठीण असतो.

प्रकार
शिक्का रसायनाने पुसणे, मागे नवा डिंक लावणे, विरलेला कागद सांधणे, दातेरी कडा नव्याने पाडणे व खोटे अधिमुद्रण करणे हे प्रमुख प्रकार होत.

उदाहरण
१५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींच्या चित्राची, स्वित्झर्लंडमध्ये छापलेली चार तिकिटे निघाली. त्यांपैकी १० रुपयांच्या तिकिटाच्या केवळ १०० प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी ‘सर्व्हिस’ असे अधिमुद्रण झाले. या दुर्मिळतेमुळे साध्या तिकिटांवर तीच अक्षरे छापून खरेदीदारांची फसवणूक केली जाते.

तपासणी
नव्याने लावलेला डिंक दात्यांच्या टोकांच्या तंतूंत मुरतो व ती टोके ताठ होतात. भिंगातून हे दिसते. चारही कडांची छिद्रे छिद्रमापकाने मोजून सूचीशी ताडावीत. पुसलेला शिक्का व सांधलेला कागद अतिनील प्रकाशात अनेकदा उघड होतो. अधिमुद्रणातील अक्षरांचे वळण व शाई खात्रीच्या प्रतीशी ताडावी. मौल्यवान तिकिटासाठी तज्ज्ञ समितीचे छायाचित्रासह प्रमाणपत्र असावे आणि छायाचित्रातील तिकीट तेच आहे, याची खात्री करावी.