१९६६ की १९६७? सोळा वर्षांच्या चालकासाठी एक जुनी मसल कार

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराची एक घरगुती परंपरा अमेरिकेत आहे. मूल चौदा-पंधरा वर्षांचे झाले की एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली गंजलेली मोटार येऊन उभी राहते. पुढची दोन वर्षे आई किंवा वडील आणि ते मूल मिळून पत्रा घासतात, इंजिन उतरवतात, वायरिंग नव्याने ओढतात. बहुतेक राज्यांत वाहन चालवण्याचा परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, म्हणून सारा खटाटोप सोळाव्या वाढदिवसावर डोळा ठेवून चाललेला असतो.

या कामात एक प्रश्न हमखास उभा राहतो. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच पुन्हा उभी करायची, की तिच्यात बदल करायचे? मंदिराच्या जीर्णोद्धारात जुन्या दगडावर ऑइल पेंट फासला गेला की इतिहासप्रेमी हळहळतात. मोटारींच्या जाणकारांनाही मूळ सुटा भाग बदलला गेला की तसेच वाटते. मात्र मंदिर ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत नाही आणि त्याच्या सुकाणूवर सोळा वर्षांचे मूल बसत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक विलक्षण जोडी हाती लागते: पाँटिॲक जीटीओचे १९६६ आणि १९६७ हे दोन नमुने. रस्त्यावरून जाताना दोहोंतला फरक अनोळखी डोळ्याला क्वचितच कळेल. पण पत्र्याच्या आत पाहिले, तर त्या दोन गाड्यांच्या मधोमध अमेरिकेच्या रस्त्यांचा सारा इतिहास उभा आहे.

सुरुवात १९६४ पासून करावी लागते. जनरल मोटर्सने १९६३ च्या जानेवारीत आपल्या सर्व विभागांना शर्यतींतून अंग काढून घेण्याचा आदेश दिला होता. पाँटिॲक हा त्यातलाच एक विभाग, आणि त्याची सारी प्रतिमा वेगावर उभी. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असाही कंपनीचा अंतर्गत नियम होता. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमातली फट शोधली. नियम नव्या नमुन्यांना लागू होता. ग्राहकाने जादा पैसे देऊन मागितलेल्या सोयींबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. मग ‘टेंपेस्ट ल मान्स’ या साध्यासुध्या गाडीवर सुमारे ३०० डॉलरची एक ‘सोय’ देऊ केली गेली, आणि त्या सोयीचे नाव होते जीटीओ. तिच्यात ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, व्ही-८ इंजिन होते. अश्वशक्ती ३२५, तीन कार्ब्युरेटरांची ‘ट्राय-पॉवर’ मांडणी घेतली तर ३४८. नावसुद्धा फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून सरळ उचललेले.

वरिष्ठांनी ५,००० गाड्यांपुरती संमती दिली. पहिल्याच वर्षी ३२,४५० विकल्या गेल्या. नियम मोडणाऱ्याला शिक्षा न होता बढती कशी मिळते, याचे उद्योगविश्वातले हे नामांकित उदाहरण: डिलोरियन पुढच्याच वर्षी पाँटिॲकचे प्रमुख झाले.

हे यश नुसत्या इंजिनाचे नव्हते, जनगणनेचेही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदराची जी लाट आली, तिच्यातली पहिली मुले १९४६ ची. ती १९६२ मध्ये सोळा वर्षांची झाली, आणि त्यानंतर दरवर्षी लाखोंच्या संख्येने नवे परवानाधारक रस्त्यावर येऊ लागले. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या हौशी तरुणांनी जुन्या फोर्ड गाड्या भंगारातून उचलून, त्यांत मोठी इंजिने बसवून ‘हॉट रॉड’ तयार केले होते. ते काम हाताचे, चिकाटीचे आणि वेळखाऊ होते. डेट्रॉइटने आता तीच गोष्ट तयार स्वरूपात, मासिक हप्त्यांवर, शोरूममध्ये आणून ठेवली. १९६४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगच्या मागेही याच पिढीचा हिशेब होता. आणि जीटीओवर तर त्याच वर्षी एक गाणे निघून थेट लोकप्रियतेच्या यादीत वर चढले. जाहिरातीचा इतका उत्तम प्रकार पैसे टाकूनही सहसा मिळत नाही.

प्रसिद्धीचा आणखी एक किस्सा, कारण साधनांची चिकित्सा करणाऱ्यांना तो आवडेल. १९६४ च्या मार्चमध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने जीटीओची तुलना थेट फेरारीशी केली आणि तिने ताशी ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याची नोंद छापली. हा आकडा दंतकथेसारखा पसरला. अनेक वर्षांनी, पाँटिॲकच्या जाहिरातीमागचे कल्पक डोके असलेल्या जिम वँगर्स यांनी कबुली दिली, की चाचणीसाठी दिलेल्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचे इंजिन गुपचूप बसवले होते. समकालीन छापील पुरावा म्हणजे सत्य, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा.

वेगाची ही सारी चर्चा चालू असताना थांबण्याची चर्चा मात्र कोणी करत नव्हते. सुमारे दीड टनाच्या या गाडीला चारही चाकांवर साडेनऊ इंच व्यासाचे ड्रम ब्रेक होते. ड्रम ब्रेकमध्ये ब्रेकचे जोडे फिरत्या लोखंडी डब्याला आतून घासतात. गाडीचा वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी उष्णता त्या बंद डब्यात कोंडते. तापलेला ड्रम प्रसरण पावून जोड्यांपासून दूर सरतो, अस्तराची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. घाटात ब्रेकचा जळका वास आलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

त्याहून गंभीर बाब पेडलच्या पलीकडे होती. चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. कोणत्याही एका चाकाची नळी फुटली की सगळे ब्रेक एकदम जात. आणि चालकाच्या छातीसमोर स्टिअरिंगचा अखंड पोलादी दांडा. समोरासमोरच्या टकरीत गाडीचे नाक चेपले की तो दांडा मागे ढकलला जाई. चालक पुढे फेकला जातो आणि दांडा त्याच्या दिशेने येतो. अपघात-संशोधकांनी त्याची तुलना भाल्याशी केली होती ती उगाच नव्हे. पट्टा होता, पण फक्त कमरेचा. व्होल्वोच्या निल्स बोहलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरून ठेवणारा तीन टोकांचा पट्टा १९५९ मध्येच बाजारात आणला होता.

मग डेट्रॉइटला हे माहीत नव्हते का? चांगलेच माहीत होते. फोर्डने १९५६ मध्ये, रॉबर्ट मॅकनमारा (पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात संरक्षणमंत्री झालेले तेच) त्या विभागाचे प्रमुख असताना, मऊ डॅशबोर्ड आणि खोलगट स्टिअरिंग चाक देऊन सुरक्षेची जाहिरात केली. त्या वर्षी शेव्हरोलेची विक्री जास्त झाली, आणि उद्योगाने त्यातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला: सुरक्षा विकली जात नाही. तो पुढे दहा वर्षे पुरला.

योगायोग असा, की जीटीओ ज्या वर्षी आली त्याच १९६४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक फारसा गाजावाजा न झालेला कायदा मंजूर झाला. अलाबामाचे प्रतिनिधी केनेथ रॉबर्ट्स अनेक वर्षे त्यामागे लागले होते. सरकार स्वतःसाठी ज्या मोटारी विकत घेईल त्या ठरावीक सुरक्षामानकांच्या असल्या पाहिजेत, एवढेच त्यात म्हटले होते. सामान्य ग्राहकाच्या गाडीला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पण सरकार हा हजारो गाड्या घेणारा ग्राहक होता. त्याची मानके १९६७ च्या नमुन्यांपासून लागू व्हायची होती. त्यांत दोन कप्प्यांची ब्रेकव्यवस्था आणि धक्का शोषणारा स्टिअरिंगचा दांडा, या दोन्ही गोष्टी होत्या. सरकारसाठी एक आणि जनतेसाठी दुसरी, अशा दोन प्रकारच्या गाड्या बनवणे कारखान्याला परवडणारे नव्हते.

१९६५ च्या नोव्हेंबरमध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आले. जनरल मोटर्सने त्यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले आणि ते उघडकीस आले. १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीसमोर जाहीर माफी मागावी लागली. एका पुस्तकाला जे एकट्याने जमले नसते, ते कंपनीच्या या उपद्व्यापाने साधले. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहनसुरक्षा कायद्यावर सही केली. त्या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर ५० हजारांहून अधिक माणसे मेली होती. संपूर्ण व्हिएतनाम युद्धात मिळून सुमारे ५८ हजार अमेरिकी सैनिक गेले; इथे जवळपास तेवढी आहुती दरवर्षी पडत होती, आणि तिच्यासाठी स्मारक नव्हते.

आता पुन्हा त्या दोन गाड्यांकडे पाहावे.

१९६६ ची जीटीओ: एका कप्प्याचा मास्टर सिलिंडर, चारही ड्रम, अखंड दांडा. त्या वर्षी ९६,९४६ विकल्या गेल्या, हा जीटीओचा उच्चांक. १९६७ ची जीटीओ: दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाके थांबवणारच, दाबाखाली आखडून धक्का गिळणारा दांडा, आणि जादा पैसे मोजल्यास पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. इंजिन मात्र अधिक मोठे, ४०० घनइंचांचे. वेग कमी केला गेला नाही. चुकीला थोडी जागा ठेवली गेली, एवढेच.

गंमत अशी, की संग्राहकांचे मन अनेकदा १९६६ कडे ओढ घेते. कारण ट्राय-पॉवरचे तीन कार्ब्युरेटर त्या वर्षी शेवटचे मिळाले. जनरल मोटर्सने १९६७ पासून ते कॉर्व्हेट सोडून इतरत्र बंद केले. लिलावात भाव ठरतो तो इंजिनावरच्या क्रमांकांवर, कार्ब्युरेटरवर आणि मूळ रंगावर. दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरसाठी बोली वाढवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

सोळा वर्षांच्या मुलासाठी गाडी शोधणाऱ्या घराला मात्र हीच यादी उलटी वाचावी लागते. कायद्याचा त्यांना काही आधार नाही: संघराज्याची मानके गाडी बनते त्या दिवसाची. १ जानेवारी १९६८ पासून बनलेल्या मोटारींना पुढच्या दोन्ही बाजूंना खांद्याचे पट्टे सक्तीचे झाले, १९६९ पासून मानेला आधार देणाऱ्या उश्या. त्याआधीची गाडी तशीच रस्त्यावर आणली तरी तो नियमभंग ठरत नाही. म्हणजे १९६६ मध्ये सरकारने जो निर्णय कारखान्याच्या हातातून काढून घेतला, तो जुन्या गाडीच्या बाबतीत पुन्हा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती येऊन पडतो.

जाणकार मेकॅनिक म्हणूनच अशा गाडीचे काम रंगापासून सुरू करत नाहीत. आधी दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि नव्या नळ्या, मग पुढचे डिस्क, मग तीन टोकांचे पट्टे. पट्ट्याचा वरचा बोल्ट नुसत्या पत्र्यात घुसवून चालत नाही, मागे पोलादी पट्टी जोडून जागा मजबूत करावी लागते. जुने ब्रेकचे जोडे काढताना ॲस्बेस्टॉसची धूळ फुंकणीने उडवायची नाही. जुन्या बायस टायरांच्या जागी रेडियल येतात. स्टिअरिंगचा दांडा १९६७ नंतरच्या गाडीतून आणून बसवणारेही आहेत. आणि पुष्कळ घरे शेवटी जीटीओचा नादच सोडून सहा सिलिंडरची मस्टँग घेतात. तिची ताकद जीटीओच्या निम्म्याहूनही कमी. अर्थात तिथेही वेगळाच पेच: त्या काळच्या मस्टँगमध्ये इंधनाच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, त्यामुळे मागून धडक बसली तर टाकी आणि प्रवासी यांच्यात फारसे काही उरत नाही. तिथे एक जाड पोलादी पत्रा बसवतात.

एवढे करूनही काही गोष्टी येत नाहीत. एअरबॅग येत नाही, धडकेत ठरवून चेपणारे नाक येत नाही. म्हणून उरलेली दुरुस्ती चालकाच्या बाजूने करावी लागते. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. फ्लोरिडाने १९९६ मध्ये ती अमेरिकेत सुरू केली आणि पुढे सर्व राज्यांनी या ना त्या स्वरूपात स्वीकारली. रात्रीच्या प्रवासावर मर्यादा आणि गाडीत समवयस्क मित्र किती असावेत याची अट, असे तिचे साधारण स्वरूप असते. भारतात गिअरची गाडी अठराव्या वर्षाआधी चालवताच येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तुरुंगवासही होऊ शकतो.

अस्सलपणाचे काय, हा प्रश्न उरतोच. १९६४-६५ च्या जीटीओबाबत तो अधिकच नाजूक आहे. ती तेव्हा कागदोपत्री एक ‘सोय’ असल्याने गाडीच्या क्रमांकावरून ती खरी जीटीओ की साधी ल मान्स, हे सांगता येत नाही. त्यासाठी कारखान्याच्या मूळ नोंदींची प्रत मिळवावी लागते. बाजारात नकला पुष्कळ. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र नमुना झाली आणि क्रमांकाच्या आरंभी २४२ हे आकडे दिसू लागले.

पुरातत्त्वातल्या संवर्धकांचा एक नियम इथे बराचसा उपयोगी पडतो: जे कराल ते पुन्हा उलटवता आले पाहिजे. म्हणून अशा कित्येक गॅरेजांत फळीवर एक खोके असते. त्यात तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेले चार ड्रम, एका कप्प्याचा सिलिंडर आणि कमरेचे दोन पट्टे. गाडी पुढे कधी संग्राहकाकडे गेलीच, तर खोकेही सोबत जाते. तोवर पुढच्या चाकांना डिस्क असतात आणि किल्ली सोळा वर्षांच्या हाती.