फुकट वाद्य आणि खुले वाद्य: संगणकात शिरलेल्या सुरांचा इतिहास

१/
१९८२ साली चरणजित सिंग या मुंबईच्या वादकाची एक तबकडी प्रसिद्ध झाली. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून हयात घालवलेल्या या कलावंताने दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. साधने तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जातील सुरांचे यंत्र. तबकडी फारशी कोणी ऐकली नाही.

२/
पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाने त्याच टीबी-३०३ वर रचलेला ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हा तुकडा प्रसिद्ध केला आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा संगीतप्रकार जन्मला. २०१० मध्ये चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरचे रसिक थक्क झाले. शिकागोच्या आधीच हा नाद मुंबईत घुमून गेला होता!

३/
तेव्हा अशी यंत्रे पदरी असणे ही मोजक्या व्यावसायिकांची मिजास होती. आज त्या जातीचे ध्वनी कोणीही विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवर एक रुपयाही न देता उतरवून घेऊ शकतो. हे कसे घडले? आणि जे फुकट मिळाले, ते टिकले का? या दोन प्रश्नांचा हा थ्रेड.

४/
आरंभ १९५७ चा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज या अभियंत्याने ‘म्युझिक’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि आयबीएम-७०४ या महाकाय संगणकाकडून सतरा सेकंदांची एक रचना वाजवून घेतली. मॅथ्यूज यांचा विचार साधा, पण क्रांतिकारक होता. ध्वनी म्हणजे अखेर आकड्यांची माळ. आकडे लिहिता आले, तर वाद्यही लिहिता येईल. आभासी वाद्याचे बीज हेच.

५/
दुसरा टप्पा १९६७ चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चाउनिंग यांना आढळले की, एका ध्वनिलहरीने दुसरीची वारंवारता अतिशय वेगाने हलवली, तर त्यातून घंटेसारखे, पितळी वाद्यांसारखे समृद्ध नाद निर्माण होतात. या तंत्राचे नाव एफएम संश्लेषण. विद्यापीठाने त्याचे पेटंट घेतले आणि जपानच्या यामाहा कंपनीला वापराचा परवाना दिला. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ बाजारात आला आणि त्या दशकाचा आवाजच बदलला. या एका पेटंटाने स्टॅनफर्डला दोन कोटी डॉलरांहून अधिक मिळवून दिले.

६/
१९८३ हेच वर्ष आणखी एका घटनेमुळे संस्मरणीय आहे. जानेवारीत अमेरिकेतील ‘नॅम’ या वाद्यप्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले आणि एकावर वाजवलेला सूर दुसऱ्यातून उमटला. ही ‘मिडी’ची नांदी. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने हे मानक सिद्ध झाले. त्यावर कोणी मानधन आकारले नाही. कोणीही वापरावे, अशी ती सामाईक भाषा ठरली. चाळीस वर्षांनंतरही ती जिवंत आहे. हा तपशील ध्यानात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

७/
आता वाद्य पेटीतून बाहेर पडून पडद्यावर येण्याचा क्षण. हॅम्बर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ हे तंत्र आणले. त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, जोडता येऊ लागले. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून या प्लगइनना मिडीचे संदेश कळू लागले, आणि प्लगइन स्वतःच वाद्य झाले. प्लगइन घडवण्याची साधने कंपनीने इतरांनाही विनाशुल्क दिली होती. आपल्या कथेला येथेच वळण मिळाले.

८/
कारण त्यानंतर घरोघरी कारागीर तयार झाले. जपानच्या इचिरो तोदा यांनी स्वीडनच्या नॉर्ड लीड-२ या सिंथेसायझरला आदर्श मानून ‘सिंथ-१’ घडवला आणि तो जगाला मोफत दिला. ‘सिंथएडिट’ या साधनामुळे तर प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनाही ठोकळे जोडून वाद्य तयार करता येऊ लागले. मोफत वाद्यांचा जणू पूर लोटला. बहुतेकांची आतली रचना, म्हणजे कोड, मात्र ज्याने घडवले त्याच्याच संगणकात बंद होती.

९/
त्याचा परिणाम पुढे दिसला. संगणक ३२ बिटांकडून ६४ बिटांकडे सरकले. २०१९ मध्ये अ‍ॅपलने मॅकच्या कॅटालिना आवृत्तीतून ३२ बिटांच्या सॉफ्टवेअरला पूर्ण रजा दिली. ज्या वाद्यांचे निर्माते उद्योग सोडून गेले होते, ती वाद्ये तेथे एका दिवसात मुकी झाली. त्यांवर रचलेली गाणी पुन्हा उघडली, तर सुरांच्या जागी शांतता. वाद्य मोडले नव्हते, ते वाजण्याची भूमीच नाहीशी झाली होती.

१०/
या शोकांतिकेचे ठळक उदाहरण म्हणजे ‘रीबर्थ’. स्वीडनच्या प्रॉपेलरहेड कंपनीने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात टीबी-३०३, टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही तीन यंत्रे एका प्रोग्रॅममध्ये उतरवली. चरणजित सिंगांच्या तीनपैकी दोन यंत्रे येथे सॉफ्टवेअररूपाने पुन्हा जन्मली होती! २००५ मध्ये कंपनीने विक्री थांबवली आणि ‘रीबर्थ म्युझियम’ नावाचे संकेतस्थळ उघडून ते सर्वांना मोफत दिले.

११/
उदार कृती खरीच. पण कोड बंदच राहिला. मॅकवरची आवृत्ती मॅक ओएस-९ या जुन्या प्रणालीपुरती होती. २००६ पासून इंटेलचे मॅक आले आणि त्या प्रणालीचा आधार संपला. नव्या यंत्रासाठी रीबर्थ दुरुस्त करण्याची कोणाला कितीही इच्छा असली, तरी ते शक्य नव्हते. पुढे आयपॅडसाठी काढलेली आवृत्तीही २०१७ मध्ये, रोलँडने बौद्धिक संपदेचा आक्षेप घेतल्यावर, मागे घ्यावी लागली. संग्रहालय म्हणून दिलेल्या वस्तूच्या नशिबी हे आले.

१२/
आता याच्या उलट उदाहरण. क्लेस जोहानसन यांचा ‘सर्ज’ हा सिंथेसायझर एके काळी विकला जाई. नवे काम थांबले, तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग निवडला. २०१८ मध्ये त्यांनी सर्जचा संपूर्ण कोड जीपीएल परवान्याखाली खुला केला. या परवान्याचा अर्थ असा: कोड वाचा, बदला, वाटा, पण बदललेली प्रत वाटलीत, तर तिचाही कोड खुला ठेवा. ठिकठिकाणचे स्वयंसेवक एकत्र आले, त्यांनी तो ६४ बिटांवर नीट बसवला, लिनक्सवर नेला, आणि २०२२ मध्ये ‘सर्ज एक्सटी’ अवतरला.

१३/
डीएक्स-७ चेही असेच झाले. चाउनिंग यांच्या पेटंटाची मुदत नव्वदच्या दशकाच्या मध्यास संपली आणि ते तंत्र सर्वांचे झाले. त्यातून ‘डेक्स्ड’ हे मुक्त कोडचे मोफत वाद्य आले. त्याचे वैशिष्ट्य असे की, मूळ डीएक्स-७ साठी चार दशकांपूर्वी जतन केलेल्या ध्वनींच्या फाइल यात आजही जशाच्या तशा उघडतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हे साधन म्हणजे वाजवता येणारा दप्तरखाना आहे.

१४/
तेव्हा भेद स्पष्ट आहे. रीबर्थ आणि सर्ज, दोन्ही मोफत. पण रीबर्थ ही भेटवस्तू होती आणि सर्ज हा वारसा ठरला. भेटवस्तू देणारा निघून गेला की तिची डागडुजी थांबते. वारसा चालवायला मात्र पुढची पिढी मोकळी असते. मिडी टिकले तेही याच न्यायाने, ते कोणा एकाचे नव्हते म्हणून.

१५/
उलट पक्षी, व्हीएसटीचे पाहा. ते स्टाइनबर्गच्या मालकीचे. २०१८ मध्ये कंपनीने जुन्या दुसऱ्या आवृत्तीचे परवाने नव्या निर्मात्यांना देणे थांबवले. वाद्य तुमचे, पण ते जोडण्याचा सांधा दुसऱ्याचा, ही अडचण तेव्हा अनेकांना जाणवली. २०२२ मध्ये ‘क्लॅप’ हा नवा, मुक्त परवान्याचा सांधा जाहीर झाला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

१६/
म्हणून घरी संगीत करू पाहणाऱ्याने मोफत वाद्य उतरवताना तीन प्रश्न विचारावेत. परवाना कोणता? माझ्या प्रणालीसाठीची ताजी आवृत्ती केव्हा निघाली? वाद्य उद्या बंद पडले, तर माझ्या गाण्याचे काय? तिसऱ्याचे उत्तर जुने ध्वनिमुद्रकही देतील: प्रत्येक वाद्याचा माग ध्वनिरूपात वेगळा साठवून ठेवा. आणि वाद्य निर्मात्याच्या मूळ पानावरूनच घ्या. चोरट्या प्रतींबरोबर काय येईल याचा भरवसा नसतो.

१७/
आरंभासाठी थोडी नावे. कृत्रिम नादांसाठी सर्ज एक्सटी आणि ‘व्हायटल’, एफएमसाठी डेक्स्ड. पियानोसाठी ‘सॅलमँडर’: यामाहाच्या एका ग्रँड पियानोचे सूर हलक्यापासून जोरकसपर्यंत सोळा पातळ्यांवर मुद्रित करून ते सर्वांना वापरायला दिलेले आहेत. सर्जमध्ये स्वरांची जुळणी बदलणाऱ्या फाइलही घालता येतात. मिडी घडले ते पाश्चात्त्य कीबोर्डच्या बारा पट्ट्या गृहीत धरून, पण श्रुतींचा अभ्यास करणाऱ्याला येथे त्या चौकटीबाहेर पाऊल टाकता येते.

१८/
शेवटी आपल्या घरचा विषय. मराठी संगीत रंगभूमीच्या साथीला कधी काळी पायपेटी असे. पायाने भाता हलवायचा आणि दोन्ही हात सुरांवर मोकळे. त्या नादाची संगणकीय प्रत हवी असेल, तर परदेशी कारागिराची वाट कशाला पाहावी? ‘एसएफझेड’ हे वाद्य लिहिण्याचे स्वरूप म्हणजे निव्वळ मजकुराची फाइल असते. कोणता मुद्रित सूर कोणत्या पट्टीवर वाजवायचा, एवढेच तीत नोंदवायचे. ती वाजवायला ‘स्फोर्झांडो’ हा मोफत प्लगइन आहे.

१९/
शांत खोली, एक बरा मायक्रोफोन, आणि प्रत्येक पट्टीचा एकेक दीर्घ सूर. वेगवेगळे सूर-खटके असतील, तर प्रत्येकाची स्वतंत्र फेरी. पायपेटी कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणाच्या संमतीने मुद्रित केली, हेही त्या फाइलीत लिहावे आणि परवाना खुला ठेवावा.

२०/
चरणजित सिंगांची तबकडी वाचली, कारण तिच्या काही प्रती कोणाच्या तरी कपाटात शिल्लक होत्या. सगळ्याच वस्तूंना असे दैव लाभत नाही. आपल्या गावातील वाचनालयात, नाट्यमंडळाच्या खोलीत किंवा आजोळी एखादी पायपेटी धूळ खात असेल, तर तिचा भाता फाटण्याआधी तिचे सूर उतरवून घ्या, आणि कुलूप न लावता पुढच्यांच्या हाती द्या.