पक्वान्न

पक्वान्न (नपुं.; अनेकवचन पक्वान्ने) : तूप, साखर किंवा गूळ, दूध, सुकामेवा घालून सणासुदीला वा पाहुण्यांसाठी मुद्दाम केलेला गोड पदार्थ. पुरणपोळी, बासुंदी, जिलबी, श्रीखंड ही नेहमीची उदाहरणे.

शब्द संस्कृत आहे. ‘पक्व’ म्हणजे शिजलेले, ‘अन्न’ म्हणजे जे खाल्ले जाते ते. यात तूप नाही की गोडवा नाही. व्युत्पत्तीने साधा वरणभातसुद्धा पक्वान्नच. हा मूळ अर्थ ‘आमान्न’ या शब्दाशेजारी ठेवला की लख्ख दिसतो. आम म्हणजे कच्चे. श्राद्धात रांधलेल्या अन्नाऐवजी डाळ-तांदळाचा कोरडा शिधा दिला तर ते आमान्न, रांधून वाढले तर पक्वान्न.

मुळाशी ‘पच्’ हा धातू आहे. चुलीवर शिजणे, झाडावर पिकणे आणि पोटात जिरणे, या तिन्ही क्रियांना तो पुरतो. स्वयंपाक, साखरेचा पाक, पाचक, पचणे, पिकणे, शेतातले पीक ही सारी त्याचीच संतती. हिंदीतला ‘पक्का’ याच घरचा आणि तो मराठीतही रुळला.

शिजवलेल्या कोणत्याही अन्नाचे नाव मेजवानीच्या पदार्थाला चिकटले, हा अर्थसंकोच. उत्तर हिंदुस्थानातील ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ रसोई या भेदात त्याची एक पायरी दिसते. पाण्यात शिजवलेले डाळभात कच्चे, तुपात तळलेल्या पुऱ्या-कचोऱ्या पक्क्या. पक्के अन्न सोवळ्याच्या नियमांत सैल, म्हणून परजातीच्या हातूनही चालणारे. पक्वान्नापासूनच आलेल्या हिंदी ‘पकवान’मध्ये त्यामुळे तिखटमिठाचे तळणही बसते.

मराठीने मात्र शब्द आणखी आवळला आणि फक्त गोडासाठी राखला. इतका की श्रीखंडही पक्वान्नांत मानाने बसते. दूध तापवून विरजल्यानंतर चक्का बांधणे, साखर घालून फेटणे यात चुलीचा संबंधच येत नाही. शिजण्याचा अर्थ गळून केवळ समृद्धीचा उरला, याचा याहून बोलका पुरावा नाही.

पक्वान्नाला ‘डेझर्ट’ म्हणणे चुकीचे आहे. मराठी पंगतीत ते जेवणानंतर येत नाही; भाजी, आमटी, कोशिंबिरीच्या बरोबरीने पानात वाढले जाते आणि आग्रह होतो तो त्याचाच. हल्ली आमंत्रणपत्रिकांवर ‘पक्वान’ असे छापलेले दिसते. ‘मिष्टान्न’प्रमाणे इथेही जोड ‘न्न’ हवा; तो गेला की शब्दातले अन्नच जाते.

‘पंचपक्वान्न’ची ठरावीक यादी नाही. पाच ही संख्या रेलचेलीची खूण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचे वेगळे प्रकरण आहे आणि त्यात मंडक येतो, म्हणजे आपले मांडे. हे कष्टाचे पक्वान्न आज फार थोड्या घरांत होते. मनातले मांडे मात्र सगळेच खातात.